एका दृष्टिक्षेपात किती? : लहान संख्यांची ओळख आणि मुलाचे अवधान

इयत्ता पहिलीच्या वर्गात फळ्यावर तीन फुले काढून ‘किती?’ असे विचारले असता काही मुले तत्काळ ‘तीन’ असे उत्तर देतात. काही मुले बोट नाचवीत एकेक फूल मोजतात आणि मग सांगतात. एखादे मूल मात्र ‘दोन’ किंवा ‘पाच’ असे काहीतरी बोलून मोकळे होते. या शेवटच्या मुलाविषयी आपला अभिप्राय बहुधा फार लवकर बनतो. ‘यास तीनसुद्धा ओळखता येत नाहीत, हा गणितात कच्चा’ असा शेरा एकदा मनात उमटला की पुढे वर्षभर त्या मुलास विचारले जाणारे प्रश्न, दिला जाणारा वेळ आणि दाखविला जाणारा विश्वास या सर्वांवर त्या शेऱ्याची छाया पडते.

त्या मुलास तीन ही संख्या खरोखर कळली नाही, की फुले दाखविली त्या क्षणी त्याचे लक्ष अन्यत्र होते, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. हे दोन दोष बाहेरून सारखेच दिसतात. त्यांवरील उपाय मात्र भिन्न आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास पायाभूत वाचन व संख्याज्ञान यावे असे ध्येय ठेविले. त्या पायाचा अगदी तळचा दगड म्हणजे लहान संख्यांची ही ओळख होय. यास्तव ती कशी घडते, आणि तीत अवधानाचा वाटा किती, हे प्रत्येक शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

दृष्टिक्षेपाची मर्यादा

एक, दोन, तीन आणि बहुधा चार एवढ्या वस्तू मनुष्य न मोजता ओळखतो. पाच-सहापासून पुढे मात्र त्यास मोजावे लागते, गट पाडावे लागतात किंवा अंदाज करावा लागतो. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने ही गोष्ट एका साध्या प्रयोगाने दाखविली. तो प्रयोग १८७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेव्हन्सने एका उथळ पेटीत काळे घेवड्याचे दाणे उधळावे, त्यांकडे क्षणभर पाहून लगेच संख्या सांगावी, आणि नंतर ते मोजून पडताळावे, असा क्रम एक हजाराहून अधिक वेळा चालविला. तीन व चार दाणे असता त्याची एकदाही चूक झाली नाही. पाचांच्या बाबतीत क्वचित चूक होऊ लागली, आणि दहा दाण्यांच्या वेळी निम्म्याहून अधिक वेळा अंदाज चुकला. या प्रयोगास यंत्र लागत नाही. मूठभर चिंचोके व एक ताट घेऊन कोणत्याही शिक्षकास तो आपल्या शाळेत करून पाहता येईल.

१९४९ मध्ये अमेरिकेतील कॉफमन, लॉर्ड, रीस व फोकमन या संशोधकांनी या जलद ओळखीस ‘सबिटायझिंग’ असे नाव दिले. ‘अकस्मात’ या अर्थाच्या ‘सुबितुस’ या लॅटिन शब्दावरून ते घेतले आहे. या लेखात आपण त्यास ‘तत्काळ संख्याबोध’ असे म्हणू. पुढील प्रयोगांत उत्तर देण्यास लागणारा वेळही मोजला गेला. चारपर्यंत प्रत्येक वाढीव वस्तूमागे सेकंदाचा सुमारे चाळीस ते शंभर सहस्रांश एवढाच वेळ वाढतो; त्यापुढे मात्र प्रत्येक वस्तूमागे सुमारे अडीचशे ते साडेतीनशे सहस्रांश लागतात. चारच्या पुढे मनाचे कामच बदलते, असे यावरून दिसते.

या शक्तीचे मूळ शाळेच्या फार आधीचे आहे. सुमारे पाच महिन्यांच्या तान्ह्या मुलांसही दोन ठिपके व तीन ठिपके यांतील भेद जाणवतो, असे स्टार्की व कूपर यांनी १९८० मध्ये दाखविले. आपल्या अंकांच्या घडणीतही या मर्यादेची खूण दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील ब्राह्मी लेखांत एक, दोन व तीन हे अंक एक, दोन व तीन आडव्या रेषांनी लिहिलेले आहेत. चारसाठी मात्र निराळे चिन्ह आहे. चिनी लिपीतही पहिले तीन अंक आडव्या रेषांचे असून चारचे चिन्ह वेगळे आहे. रेषा चार झाल्या की त्या एका नजरेत निश्चित वाचणे कठीण होऊ लागते, म्हणून तेथे लेखनाची रीत बदलली असावी, असा विद्वानांचा तर्क आहे.

अवधानाचा वाटा

तीन-चार वस्तूंची ओळख इतकी जलद होते की तीस अवधानाची गरजच नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. डोळा उघडावा आणि रंग दिसावा, तशीच संख्याही आपोआप दिसते, अशी ही कल्पना होती. गेल्या काही दशकांतील प्रयोगांनी तीत मोठी सुधारणा केली आहे.

पहिली गोष्ट अशी की, मोजावयाच्या वस्तू भोवतालच्या वस्तूंपासून सहज वेगळ्या दिसल्या तरच तत्काळ संख्याबोध होतो. लाना ट्रिक व झेनॉन पिलिशिन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रोमन लिपीतील ‘ओ’ या अक्षराचे नग ओळखावयास दिले. ही अक्षरे ‘एक्स’ अक्षरांत मिसळली असता तीन-चारपर्यंतची संख्या झटकन सांगता आली. तीच अक्षरे ‘क्यू’ अक्षरांत मिसळली असता प्रत्येक अक्षर निरखून पाहावे लागले, आणि झटकन ओळखण्याची शक्ती लोपली. आपल्या लिपीत ‘ब’ अक्षरांच्या गर्दीत ‘व’ किती हे शोधताना असाच अनुभव येईल. एकात एक काढलेल्या चौकोनांच्या बाबतीतही हीच अडचण आढळली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वस्तू अगदी स्पष्ट व वेगळ्या असल्या, तरी पाहणाऱ्याचे अवधान दुसऱ्या कामात गुंतले असेल तर लहान संख्याही चुकते. पेट्रा व्हेटर, ब्रायन बटरवर्थ व बहादोर बहरामी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ व्यक्तींस पडद्याच्या मध्यभागी एक काम सोपविले आणि त्याच वेळी भोवती क्षणभर दिसणाऱ्या आकृती किती, हेही विचारले. मधले काम अवघड केले तेव्हा चारच्या आतील संख्यांतही चुका वाढल्या. त्याच वर्षी अन्य संशोधकांनी वेगळ्या रीतीने तोच निष्कर्ष काढला. भराभर सरकणाऱ्या अक्षरांतून एक अक्षर ओळखावयास सांगून त्याच्या पाठोपाठ ठिपके दाखविले असता दोन-तीन ठिपक्यांच्या बाबतीतही पाहणारा चुकू लागला. २०१० मध्ये इटलीतील डेव्हिड बर, मार्को तुरी व जोव्हान्नी अनोबिले यांनी आणखी एक विशेष दाखविला. मन विभागले असता मोठ्या समूहाचा ढोबळ अंदाज फारसा बिघडत नाही. लहान संख्येची अचूक ओळख मात्र ठळकपणे बिघडते.

हे असे का होते? ‘तीन’ असे ओळखावयाचे म्हणजे तीन वस्तू एकाच वेळी, पण एकमेकींपासून वेगळ्या अशा मनात धरावयाच्या. एका वेळी अशा तीन-चार वस्तूच मनात धरता येतात. सागरगोट्यांच्या खेळात चार गोटे एकदम झेलणाऱ्या मुलीच्या मुठीत आधीच दोन खडे असतील, तर तिला चार गोटे झेलता येणार नाहीत. तो दोष तिच्या कौशल्याचा नव्हे. मुलाच्या मनाचेही तसेच आहे. शेजाऱ्याने ओढलेली पाटी, घरी आजारी असलेली आई, बाहेर वाजणारी मोटार किंवा ‘चुकलो तर छडी’ ही धास्ती यांनी मनाची मूठ आधीच भरलेली असेल, तर फळ्यावरील तीन फुले तीत मावत नाहीत. प्रयोगातील व्यक्ती सुशिक्षित व प्रौढ असूनही तीनमध्ये चुकल्या, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाविषयी मत बनविताना आपण अवश्य स्मरणात ठेवावी.

आपणहून संख्येकडे पाहणारे मूल

अवधानाचा आणखी एक प्रकार शिक्षकाच्या उपयोगाचा आहे. कोणी न सांगता मूल आपणहून ‘किती’ इकडे लक्ष देते काय? फिनलंडमधील मिन्ना हन्नुला व एर्नो लेहतिनेन यांनी याचा दीर्घकाळ अभ्यास केला व २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांची एक परीक्षा अशी होती. परीक्षकाने खेळण्यातील पोपटाच्या चोचीत लहान फळे एकेक करून घालावयाची, आणि ‘मी केले तसेच कर’ एवढेच मुलास सांगावयाचे. संख्येचा उल्लेख मुळीच करावयाचा नाही. काही मुलांनी नेमकी तितकीच फळे घातली. काहींनी मात्र हाती आली तितकी घातली. या दुसऱ्या मुलांपैकी अनेकांस इतक्या लहान संख्या येत होत्या. त्यांच्या ध्यानात ‘किती’ हा प्रश्नच आला नव्हता.

या संशोधकांनी मुलांचा साडेतीन ते सहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. आपणहून संख्येकडे लक्ष देण्याची वृत्ती आणि मोजण्याचे कौशल्य ही परस्परांस साहाय्य करीत वाढतात, असे त्यांस दिसून आले. कारण उघड आहे. जे मूल वाटेत दिसलेल्या शेळ्या, ताटातील भाकऱ्या, दाराशी काढलेल्या वहाणा यांची संख्या सहज टिपते, त्याचा सराव दिवसभर चालू असतो. दुसऱ्या मुलाचा सराव गणिताच्या तासापुरताच राहतो. सुदैवाने ही वृत्ती जन्मजात व अचल नाही. मोठ्या माणसांनी रोजच्या व्यवहारात मुलांचे लक्ष संख्येकडे वेधले तर ती वाढू शकते, असेही याच संशोधनातून पुढे आले आहे.

वर्गात काय करावे?

वरील विवेचनावरून पुढील सूचना निघतात. त्यांस खर्च लागत नाही. दररोज पाच ते सात मिनिटे पुरेत.

(१) आधी अवधान, मग वस्तू. प्रश्न विचारण्यापूर्वी ‘पाटी खाली, हात मांडीवर, नजर इकडे’ अशी एक ठरलेली खूण असावी. सर्व मुलांची नजर आल्यावरच ठिपक्यांची पत्ती दाखवावी. पत्ती दाखवीत असताना बोलू नये. दोन-तीन इयत्ता एकत्र असलेल्या वर्गात दुसऱ्या इयत्तेस सूचना देत देत पहिलीस पत्ती दाखविणे टाळावे. अन्यथा मुले शिक्षकाचे बोलणे ऐकतील आणि ठिपके पाहावयाचे राहून जातील.

(२) वस्तू स्वच्छ व एकसारख्या असाव्यात. जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन त्यांवर एकाच रंगाचे, रुपयाच्या नाण्याएवढे ठिपके काढावेत. आरंभी फुले, पोपट व आंबे एकाच चित्रात मिसळू नयेत. फळ्यावर आधीचे लेखन पुसूनच ठिपके काढावेत. ठिपके एकमेकांस चिकटू नयेत. वर्ग सजविण्याची हौस चांगली. परंतु मोजावयाच्या चित्राभोवतीची वेलबुट्टी मुलाचे लक्ष वाटून घेते.

(३) क्रमाने वाढवावे. प्रथम एक, दोन व तीन, ती पक्की झाल्यावर चार, त्यानंतर पाच. मांडणी दररोज बदलावी. तीन ठिपके कधी रांगेत, कधी त्रिकोणात, कधी तिरपे असावेत. एकच मांडणी नेहमी दाखविली तर मूल आकृती पाठ करते; संख्या तशीच राहते. पत्ती साधारण एक सेकंद, म्हणजे मनात ‘एक’ म्हणेपर्यंत दाखवावी व पालथी करावी.

(४) उत्तर बोटांनी घ्यावे. ‘डोळे मिटा आणि तितकी बोटे वर करा’ असे सांगितल्यास पुढच्या बाकावरील मुलाचा आवाज ऐकून मागील मुले उत्तर देत नाहीत. प्रत्येकाचे उत्तर शिक्षकास एकाच वेळी दिसते, आणि चुकलेल्या मुलाची सर्वांसमोर शोभाही होत नाही. येथे वेगाची शर्यत लावू नये. शर्यतीत हरण्याच्या भीतीनेच मुलाचे अवधान विस्कटते.

(५) पाहणे व मोजणे यांची सांगड घालावी. झाकलेल्या ताटात तीन चिंचोके ठेवावेत, क्षणभर उघडून ‘किती?’ असे विचारावे. उत्तर आल्यावर झाकण काढून बोटाने ‘एक, दोन, तीन’ असे मोजून घ्यावे. मोजताना उच्चारलेला शेवटचा शब्द म्हणजेच एकूण संख्या होय, हे अनेक मुलांस उशिरा उमगते. नजरेने ओळखलेले ‘तीन’ आणि मोजून आलेले ‘तीन’ एकच ठरतात, तेव्हा तो अर्थ मुलाच्या मनात आपोआप उतरतो. तत्काळ संख्याबोध हा मोजण्यास पर्याय नव्हे. मोजण्यास अर्थ देणारा तो सोबती आहे.

(६) मोठी संख्या लहान गटांत पाहावयास शिकवावे. सहा ठिपके तीन-तीन असे, सात ठिपके चार व तीन असे, आठ ठिपके चार-चार असे मांडावेत. ‘काय दिसले?’ असे विचारावे. ‘तीन आणि तीन, म्हणून सहा’ असे उत्तर आले की बेरजेचा आरंभ झालाच. चार कवड्या टाकून खेळावयाच्या अष्टाचंगासारख्या खेळात उताण्या पडलेल्या कवड्या मुले नजरेनेच वाचतात. असे खेळ पावसाळी दिवसांत शाळेत अवश्य खेळवावेत.

(७) तासाबाहेरही ‘किती’ विचारावे. बेलाच्या पानास दळे किती, जास्वंदीस पाकळ्या किती, आज पाण्याच्या पिंपाशी पेले किती, असे सहज विचारीत जावे. कधी तीन टाळ्या वाजवून ‘मी केले तसेच करा’ एवढेच म्हणावे, आणि कोण संख्येकडे लक्ष देते ते शांतपणे पाहावे. पालकसभेत आयांसही हे सांगावे. भाकरी वाढताना ‘किती वाढू?’ असे विचारणारी माता मुलास गणिताचाच पाठ देत असते.

मुलाची पारख कशी करावी?

एखादे मूल दोन-तीन वस्तूंत वारंवार चुकत असेल, तर त्यास कच्चा ठरविण्यापूर्वी तीन प्रसंगी पाहावे. प्रथम भरल्या वर्गात, नंतर मधल्या सुटीत एकटे जवळ बसवून, आणि तिसऱ्या वेळी काही दिवसांनी सकाळी शाळा भरताच. प्रत्येक वेळी एक ते चारपर्यंतच्या पत्त्या प्रत्येकी तीनदा, क्रम बदलून दाखवाव्यात आणि बरोबर उत्तरांची नोंद ठेवावी.

एकटे असता बरोबर आणि वर्गात चूक, असे आढळल्यास त्या मुलास संख्याबोध आहे. त्याच्या अवधानाची सोय आपल्याला करावयाची आहे. त्यास पुढे बसवावे, खिडकीपासून दूर न्यावे, त्याचे नाव घेऊन नजर वेधावी आणि मगच पत्ती दाखवावी. ते उपाशी शाळेत येते काय, रात्री पुरेशी झोप मिळते काय, हेही पाहावे.

एकटे असताही चुकत असेल, तर प्रथम त्याच्या दृष्टीची तपासणी शाळेस भेट देणाऱ्या आरोग्यपथकाकडून करून घ्यावी. ठिपकेच अस्पष्ट दिसत असतील तर कितीही सराव व्यर्थ होय. दृष्टी निर्दोष असेल, तर पत्त्या बाजूस ठेवून हाताळता येणाऱ्या वस्तू द्याव्यात: दोन बिया, तीन खडे, चार काड्या. प्रत्येक वस्तूस स्पर्श करून, ती उचलून, सरकवून मोजू द्यावे. काही थोड्या मुलांस लहान संख्यांची जलद ओळखही मुळात जड जाते, आणि त्यांस अंकगणितात दीर्घकाळ विशेष साहाय्याची गरज भासते, हे संशोधनाने मान्य केले आहे. अशा मुलांची माहिती आपल्या केंद्रातील विशेष शिक्षकांस वेळीच द्यावी. या दोन प्रकारच्या मुलांत गल्लत झाली, तर पहिल्याचा उत्साह अकारण मावळतो आणि दुसऱ्यास हवे ते साहाय्य मिळत नाही.

‘लक्ष दे’ असे आपण मुलांस दिवसातून अनेकदा सांगतो. लक्ष देणे हे मुलाचे कर्तव्य आहे यात संशय नाही. परंतु ते देता येईल अशी मांडणी करणे हे आपले काम आहे. स्वच्छ फळा, पाच सुटे ठिपके, क्षणभराची शांतता आणि न रागावणारा चेहरा एवढी सामग्री प्रत्येक शाळेत आहे. शिक्षकबंधुभगिनींनी वरीलपैकी दोन-तीन उपक्रम महिनाभर नियमाने करावेत, आधी व नंतर घेतलेल्या नोंदी ताडून पाहाव्यात, आणि आपला अनुभव केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत मांडावा. ज्या मुलाविषयी आपण आजवर ‘यास तीनही येत नाहीत’ असे म्हणत होतो, त्याच्यापासूनच या कार्यास आरंभ व्हावा.